एकोणीस राजे आणि एक राणी

पुष्कळ मराठी घरांतून फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक जाडजूड पुस्तक असते. कापडी बांधणी, पिवळी पडलेली पाने, मध्येच घडी घालून चिकटवलेला वंशवृक्षाचा मोठा कागद. हे पुस्तक सहसा कोणी वाचत नाही. पण रद्दीत घालण्याची छातीही कोणाची होत नाही. घराण्याचा कुलवृत्तांत तो! मूळ पुरुष कोठला, कोकणातून देशावर केव्हा आला, कोणाच्या पदरी कारकुनी केली, कोणास वतन मिळाले, सारे त्यात असते. मुलींची नावेही असतात. मात्र लग्न होऊन गेली की मुलीची शाखा त्या कागदावर तेथेच खुंटते. आणि सून घरात येते ती मागले नाव उंबऱ्याबाहेर ठेवूनच. निम्मे माणूस गाळून उरलेल्या निम्म्याचा हिशेब म्हणजे आपली वंशावळ, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नव्हे.

इंग्रज लोकांनी हीच हौस देवळात नेऊन ठेवली. तिकडे खेड्यापाड्यांतील जुन्या चर्चमधून गावच्या जमीनदार घराण्याची थडगी असतात, त्यांवर संगमरवरी पुतळे निजलेले असतात आणि भिंतीवर वंशावळ. स्विंडन शहराजवळ लिडियर्ड ट्रेगोझ नावाचे गाव आहे. तेथील सेंट मेरीच्या चर्चमध्ये सेंट जॉन घराण्याने १६१५ साली एक लाकडी स्मारक उभारले. भल्या मोठ्या कपाटासारखे ते आहे. दारे उघडली की आत आईबाप गुडघे टेकून बसलेले, एका बाजूस मुलगा आणि सून, दुसऱ्या बाजूस सहा मुली ओळीने उभ्या. दारांच्या फळ्यांवर रंगवलेली वंशावळ. सहाही मुली चित्रात आहेत, हे मला विशेष वाटले. अर्थात इस्टेट मुलालाच मिळाली. ती गोष्ट निराळी.

हे सारे सांगण्याचे कारण, असाच दगड आणि असाच वंशवृक्ष शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय आम्हां नागपूरकरांना घरापासून अवघ्या दीडशे किलोमीटरवर आहे. मी राहतो मनीषनगरात. आमच्या वस्तीला लागून जे रेल्वेचे रूळ गेले आहेत त्यांवरून वर्ध्याकडे आणि तेथून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या दिवसरात्र धडधडत असतात. त्या गाडीत बसावे, चंद्रपूरला उतरावे आणि गोंडराजांची समाधी पाहावी. मनीषनगरातल्या किती जणांनी ती पाहिली आहे असे आमच्या सोसायटीत विचारून पाहिले. ताडोबाचा वाघ बहुतेकांनी पाहिला होता, समाधी दोघांनी.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला म्हटले, "गोंडराजाच्या समाधीवर नेता का?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "अंचलेश्वरापाशी म्हणा ना जी! मग महाकालीचं दर्शन घ्याल का नाही?" शहराच्या लेखी समाधीचा पत्ता असा देवाच्या आधाराने आहे.

चांदा म्हणजे परकोटाचे गाव. एका बाजूस इरई, दुसऱ्या बाजूस झरपट, आणि मध्ये सुमारे सात मैलांच्या तटबंदीने वेढलेले जुने शहर. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे त्याचे चार दरवाजे. दरवाजांवर हत्तींना लोळवणाऱ्या सिंहाचे गोंडी राजचिन्ह कोरलेले. खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावरची दुखणी झरपटेच्या पाण्याने बरी झाली, मग ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला त्याला दिसला आणि राणीच्या सल्ल्याने त्या सशाच्या वाटेवर तट आखला गेला, ही कथा चांद्यातले शाळकरी पोर तुम्हांला सांगेल. (सशाने कुत्र्याला पळवल्याची ही कथा गावोगावच्या किल्ल्यांना लागू आहे, तरी ती ऐकताना दर वेळी बरी वाटते.) या तटावर माजलेले रान २०१७ साली इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी खपून काढले, म्हणून तो आज डोळ्यांना दिसतो तरी.

अंचलेश्वराच्या देवळाला लागून आवार आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, लोखंडी फाटक, आत थोडी हिरवळ. घराण्यातील लहानमोठ्या समाध्या आजूबाजूला, आणि त्या सर्वांत डोळ्यांत भरणारी ती बीरशाहाची. उंच चौथऱ्यावर चौरस, जाड भिंतींची दगडी वास्तू. कमानी, वर घुमट. घडण पाहून कोणी मुसलमानी थडगे म्हणेल. पण गोंडांमध्ये मृताला पुरण्याची रीत जुनी आहे, आणि पुरलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याचीही. गडचिरोलीच्या जंगलात माडिया लोक आजही आपल्या माणसाच्या नावाने शिळा उभ्या करतात. चांद्याच्या राजाने त्या शिळेवर दिल्लीकडची कमान आणि घुमट चढवला, इतकेच मी म्हणेन.

ही समाधी बांधली राणी हिराईने, बीरशाहाच्या पत्नीने. नवऱ्याने बायकोसाठी ताजमहाल बांधला, येथे बायकोने नवऱ्यासाठी बांधला, असे वाक्य चंद्रपूरवरच्या लेखात हटकून येते. मला ते आवडत नाही. ताजमहालाशी तुलना केली की कोणतीही इमारत लहानच दिसणार. तुलनाच हवी असेल तर दिल्लीस हुमायूनची कबर आहे. तीही त्याच्या बेगमेनेच बांधवून घेतली, १५६५ ते १५७२ या काळात.

आता वंशावळीकडे येतो, कारण खरी मौज तेथे आहे.

१८६९ साली मेजर ल्यूसी-स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल लिहिला. साहेब चौकस होता. शेतसारा ठरवता ठरवता त्याने गोंडराजांच्या परंपरा गोळा केल्या आणि राजांची यादी दिली. भीम बल्लाळसिंगापासून नीलकंठशाहापर्यंत राजे एकोणीस. काळ इसवी सन ८७० ते १७५१. ही यादी पुढे पुस्तकापुस्तकांतून उतरत गेली.

वाचकहो, कागदपेन्सिल घ्या. ८७० ते १७५१ म्हणजे ८८१ वर्षे. भागिले एकोणीस. प्रत्येक राजाच्या वाट्याला सरासरी शेहेचाळीस वर्षे येतात! बाबरापासून औरंगजेबापर्यंत सहा बादशहा झाले, १५२६ ते १७०७. त्यांची सरासरी तीस. आणि त्यात अकबर व औरंगजेब हे दोघे पन्नास पन्नास वर्षांच्या घरात गादीवर बसलेले. चांद्याच्या यादीत तर बाबाजी बल्लाळशाह एकटा ऐंशी वर्षे राज्य करतो, १४४२ ते १५२२. आणि त्याच्यामागून येणारा धुंड्या रामशाह पंचाहत्तर. म्हणजे दोघांत मिळून दीडशे वर्षे उलटली! चांद्याचे पाणी चांगले असेल, पण इतके?

हा बाबाजी पकडला गेला तो दिल्लीच्या कागदात. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आइन-इ-अकबरी'त वऱ्हाडाचे वर्णन करताना चांद्याचा जमीनदार बाबाजी, जातीने गोंड, पदरी एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ, अशी नोंद केली आहे. हे पुस्तक सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले. ज्याला यादीने १५२२ सालीच निजधामास धाडले, तो त्यानंतर सत्तर वर्षांनी फौज बाळगून आहे. तात्पर्य, यादीतली नावे खरी असतील, पण ती रबरासारखी ताणली गेली आहेत.

पुढेही तेच. १६६७ साली दिलेरखान चांद्यावर चालून आला तेव्हा ज्याने खंडणी भरली तो राजा मोगलांच्या कागदांत मांजी मल्लार म्हणून येतो. साहेबाच्या यादीप्रमाणे त्या साली बीरशाह गादीवर हवा. मांजीला तर तेथे जागाच नाही. मोगली कागद सांगतात की किशनसिंग नावाचा राजा १६९६ साली वारला आणि त्याचा मुलगा बीरसिंग गादीवर आला. हाच आपला बीरशाह. यादी मात्र त्याला १६७२ सालीच संपवते आणि लगेच रामशाहाला आणून बसवते. तो तेथून १७३५ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे हलत नाही.

रामशाहाला ही त्रेसष्ट वर्षे कोणी दिली? माझ्या मते याचे उत्तर अंचलेश्वराच्या आवारात आहे. पण त्यासाठी बीरशाह कसा गेला ते सांगितले पाहिजे.

आख्यायिका अशी की, बीरशाहाची मुलगी देवगडच्या घराण्यात दुर्गशाहाला दिली होती. जावयाने तिचा अपमान केला. बीरशाह फौज घेऊन निघाला, लढाईत जावयाचे मस्तक कापले आणि आणून महाकालीपुढे ठेवले. मुलीच्या अपमानाचा सूड मुलीला विधवा करून घेतला, याबद्दल मुलीला काय वाटले ते आख्यायिका सांगत नाही. तिचे त्याकडे लक्षच नाही. पुढे बीरशाहाने दुसरे लग्न करायचे ठरवले. त्याच्या अंगरक्षकांत हिरामण नावाचा रजपूत होता. त्याच्याजवळ मंतरलेली तलवार आहे असा बोलबाला होता आणि ती दाखव म्हणून राजा त्याच्यामागे सारखा लागलेला असे. ऐन लग्नाच्या वेळी राजाने पुन्हा हट्ट धरला. हिरामणने तलवार उपसली, राजाला मारले आणि स्वतःलाही. कथेतील मंतरलेले काय ते बाजूला काढले तरी राजाचा खून झाला आणि मागे मुलगा नव्हता, एवढे उरतेच.

ती वेळ कशी होती ते आठवावे. मोगलांचा अंमल डळमळत होता. तिकडे देवगडच्या बख्तबुलंदाने नागपूर शहर वसवले होते. मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडातून येजा करीत होत्या. अशा वेळी मालक नसलेले राज्य म्हणजे उघड्यावर ठेवलेले दुभते. आणि या प्रसंगात उभी कोण, तर जिच्या नवऱ्याने तिच्यावर सवत आणायचा घाट घातला होता ती हिराई.

तिने चंदनखेड्याच्या भाऊबंदांतला रामशाह दत्तक घेतला. तो लहान होता. तेव्हा कारभार हिराईनेच पाहिला. अलीकडचे अभ्यासक तिची कारकीर्द साधारणपणे १७०४ ते १७१९ धरतात. पंधरा वर्षे! नवऱ्याची समाधी तिने उभारली. झरपटेपलीकडे महाकालीचे देऊळ बांधले, तेही तिनेच. राज्य शाबूत ठेवून ते दत्तक मुलाच्या हाती दिले. त्याने पुढे रामाळा तलाव बांधला. चंद्रपूरकर आज संध्याकाळी ज्याच्या काठाने फिरतात तोच.

आणि साहेबाच्या यादीत? बीरशाह, मग रामशाह. मध्ये कोणी नाही. हिराईची पंधरा वर्षे आणि आजूबाजूची घसरलेली सारी वर्षे एकट्या रामशाहाच्या नावे जमा. साहेबाला मी दोष देत नाही. हिराईची आणि दत्तकाची गोष्ट तोही ऐकून होता. पण यादी राजांची मागितली, लोकांनी राजांची सांगितली. आपल्या कुलवृत्तांताचे संपादक घरोघर पत्रे पाठवून माहिती मागवीत, तेव्हा घरातील वडीलधारेही अशीच उत्तरे देत असणार. दुकान आजोबांच्या नावावर, गल्ला मात्र आजी सांभाळायची, हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

चौथऱ्यावर बसून मी हे जुळवीत होतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती समाधीला फेरी घालून आल्या. म्हणाल्या, "अहो, हे एवढं थोरलं कोणाचं?" बीरशाहाचे, म्हटले. "आणि बांधलं कोणी?" हिराईने. "मग तिची समाधी कुठली?" मी आजूबाजूच्या धाकट्या समाध्यांकडे पाहिले. त्या आवारात अमुक एका दगडावर बोट ठेवावे अशी सोय मला दिसली नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. पाण्याची बाटली काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि, "चला, देवळात जाऊ," म्हणून चालू लागल्या.

महाकालीच्या देवळात चैत्रात मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, आणि तेलंगणातून माणसे लोटतात. झरपटेत स्नान करतात, पोतराज नाचतात, नारळांचे ढीग पडतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रेचे दिवस नव्हते. तरी रांग होतीच. हळदीकुंकवाच्या दुकानात बसलेल्या म्हातारीला सौभाग्यवतींनी विचारले, देऊळ कोणी बांधले म्हणून. ती म्हणाली, "राणी हिराईनं, बाई. अजून कोण बांधंन?"

या घराण्याची पुढली गोष्ट लवकर संपते. रामशाहामागे नीलकंठशाह आला. तो जुलमी निघाला, त्याची माणसे उलटली, आणि रघूजी भोसल्यांनी आधी त्याच्या वसुलात वाटा बसवला व १७५१ साली राज्यच खालसा केले. नीलकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि तेथेच वारला. तो किल्ला वर्धा नदीच्या काठी आहे. स्टेशनावरून रिक्षाने जाता येते. तट, दरवाजे, नदीकडे उघडणाऱ्या पायऱ्या पाहून होतात; फक्त उन्हाच्या आत जावे, आणि परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी.