ट्रॉलीच्या दिव्याची परतीची वाट

हंगाम सुरू झाला की रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे, साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याकडे रात्रभर ऊस जात राहतो. जुना ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि शेवटच्या ट्रॉलीचा दिवा कधी मिणमिणता, कधी बंद. मालक बल्ब बदलतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी बल्बच्या आधी अर्थिंग तपासावं.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट बल्बमधून मायनसला परत यावाच लागतो. जायला वायर असते. यायला गाडीचं लोखंडच वापरतात. ट्रॅक्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी एकजीव केलेले असतात, त्यामुळे तिथली वाट पक्की. पण ट्रॉलीला वेगळी अर्थ वायर नसेल, तर मागचा सगळा करंट हुकातून आणि पिनेतून येतो. दोन ट्रॉल्या म्हणजे दोन हूक, आणि दोन्ही गंजलेले, ग्रीस-मातीने माखलेले, खड्ड्यागणिक हिसके खाणारे.

हिशेब करून पाहू. दोन ट्रॉल्यांचे 21 वॅटचे चार ब्रेक-बल्ब पूर्ण 12 व्होल्टवर 7 अँपिअर घेतात. हुकांच्या गंजाने अर्धा ओहम अडथळा केला, तर जवळपास 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात. बल्बला उरतात 9. व्होल्टेज पाव कमी झालं म्हणून उजेड पावच घटत नाही. तो निम्म्याच्याही खाली जातो. वाट पार तुटली, तर करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून मार्ग काढतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणला, तर दोष अर्थचाच समजा.

खात्री करायला एक लांब वायर पुरते. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा. दिवा लखकन उजळला, की दोष सापडला.

कामाला लागताना आधी मायनसची केबल काढा आणि शेवटी तीच जोडा. प्लसचा नट आधी सोडवताना पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट होतो.

वायर अनेक तारांची घ्या. घरातल्या फिटिंगची एकेरी तार हादऱ्यांनी तुटते. अडीच स्क्वेअर एमएमची चालते, पण एवढ्या लांबीला मी चारचीच टाकेन. सात पिनांच्या सॉकेटमध्ये एक पिन अर्थसाठीच राखलेली असते. ती ट्रॅक्टरच्या बाजूला गिअरबॉक्सच्या बोल्टला जोडा. मागच्या बाजूला वायर थेट प्रत्येक होल्डरपर्यंत न्या, ट्रॉलीच्या पत्र्यावर अर्ध्यात सोडू नका. थिंबल बसवायच्या जागेचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. हुकापाशी वळणापुरती ढील ठेवा.

जुन्या जीपची गोष्ट थोडी वेगळी. तिचं इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे चासीपासून तोडलेलंच. दोघांना जोडणारी पट्टी गंजली, तर सेल्फचा शंभरावर अँपिअर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरात बुडालेल्या गाडीची पट्टी वरून धड दिसली, तरी आतून हिरवी पडलेली असू शकते. इथे इंजिनपासून चासीपर्यंत दुसरी जाड केबल टाकावी.

शेवटी सगळे दिवे लावा, ब्रेक दाबून ठेवायला कुणाला तरी बसवा आणि मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मागच्या ट्रॉलीच्या होल्डरला लावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास थांबला, तर ट्रॉली फडात न्यायला हरकत नाही.