राळ, मीठ आणि दुधाचे दात

चाकणच्या मोटार कारखान्यात, पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्याला गंज काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. गाडीचा सांगाडा रंगापर्यंत पोचण्याआधी एकामागून एक टाक्यांत बुचकळून निघतो. आधी तेलकटपणा धुवायचा, मग फॉस्फेटिंग. या टाकीत पत्र्यावर जस्ताच्या फॉस्फेटचे अतिबारीक स्फटिक उगवतात. डोळ्यांना दिसतो तो नुसता राखाडी थर, पण रंग धरतो तो त्याच्याच भरवशावर. पत्र्यात ॲल्युमिनियमचे भाग असले तर त्या टाकीत थोडं फ्लोराइडही घालतात.

हाच माणूस पहिली पाळी संपवून, कंपनीच्या बसमध्ये एक डुलकी काढून घरी येतो. चार वर्षांची मुलगी त्याच्याकडे बघून हसते, तेव्हा समोर पुन्हा फॉस्फेटच असतं, या वेळी कॅल्शियमचं. दातावरचं इनॅमल वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. त्याला किडीपासून वाचवायला दंतवैद्य जे लावतात त्यात फ्लोराइड असतं, आणि त्याचं नावही थेट रंगाच्या दुकानातलं आहे: व्हार्निश.

‘दाताला कीड लागली’ असं आपण म्हणतो खरं, पण तिथे अळी वगैरे काही नसते. दातावरच्या चिकट थरात जिवाणू राहतात. मुलीने चहात बुडवून बिस्किट खाल्लं की त्यातली साखर तेही खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. काही मिनिटांतच तिथला सामू, म्हणजे पीएच, घसरतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलचे स्फटिक विरघळायला लागतात. मग लाळ धावून येते. ती आम्ल सौम्य करते आणि स्वतःतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात बसवते. याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणजे ज्याला आपण दगडासारखा पक्का समजतो, तो दात रोज थोडा विरघळतो आणि रोज थोडा पुन्हा बांधला जातो. दिवसातून सात-आठ वेळा तोंडात काहीतरी गोड पडत राहिलं, की बांधणाऱ्याला पाळीच मिळत नाही.

हे कळल्यावर मी बराच वेळ आरशासमोर उभा होतो. कारण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर त्या उरत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमल एकदाच मिळतं. डागडुजी करायला एकटी लाळ.

या डागडुजीच्या वेळी आसपास फ्लोराइड असेल तर स्फटिकात एक छोटी अदलाबदल होते. पाण्याच्या रेणूचा जो तुकडा स्फटिकात बसलेला असतो, त्याच्या जागी फ्लोराइड जाऊन बसतं. नवा स्फटिक जास्त घट्ट असतो. सामू साधारण ४.५ पर्यंत घसरला तरी तो तग धरतो. ५.५ आणि ४.५ मध्ये एकाचाच फरक दिसतो, पण पीएचच्या मोजणीत एक म्हणजे दहापट. तोच दात दहापट तीव्र आम्लापुढे उभा राहतो.

पिंपरी भागातल्या एका दंत ओपीडीत हे काम मी जवळून पाहिलं. आई आणि डॉक्टरीणबाई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसल्या. दीड वर्षाचा मुलगा आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, पाय तिच्या कमरेला. मग त्याला अलगद मागे झोपवलं, डोकं डॉक्टरीणबाईंच्या मांडीत. अर्थात त्याने भोकाड पसरलं. “रडू द्या ताई, तोंड आपोआप उघडतं,” असं म्हणत त्यांनी गॉजच्या तुकड्याने वरचे पुढचे दात कोरडे केले. कोरडे झाल्यावर हिरडीलगत एक रेघ दिसली, खडूसारखी पांढरी, चमक नसलेली. लाळ आली की ती दिसेनाशी व्हायची. किडीची ही पहिली खूण. आतलं खनिज झिरपून गेलेलं, पण वरचा पापुद्रा अजून शाबूत. इथून दात परत फिरू शकतो. खड्डा पडल्यावर मात्र नाही, मग ते भरायचं काम.

“दुधाचे दात आहेत, पडायचेच ना?” आईने विचारलं. प्रश्न सगळ्यांच्याच मनातला. “पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतील. पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत वापरायच्यात त्याला.” त्यात दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांच्या निम्मंच जाड असतं, म्हणून कीड आतपर्यंत लवकर पोचते.

मग एका चिमुकल्या ब्रशने पिवळसर, मधासारखं काहीतरी दातांवर फिरलं. पातळ थर, सगळं मिळून मिनिट-दोन मिनिटं. लाळ लागताच ते घट्ट झालं. इथेच मला या वस्तूतली खरी हुशारी दिसली. रंगाला सुकायला कोरडी हवा लागते, हे ओलाव्यातच बसतं. तोंडात टिकायचं तर दुसरा मार्गही नव्हता. १९६४ मध्ये जर्मनीत ‘ड्युराफॅट’ नावाने ते पहिल्यांदा आलं, तेव्हा अडचण हीच होती: फ्लोराइड लावलं की लाळ ते धुऊन नेते. म्हणून सोडियम फ्लोराइड, म्हणजे एक साधं मीठच, पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या राळेत घोळवलं. राळ म्हटलं की आपल्याला आठवते ती पुढाऱ्यांनी एकमेकांवर उडवलेली. पण भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सर्किटला डाग देताना जो वास येतो, तोही बऱ्याचदा याच राळेचा. ती दाताला काही तास चिकटून राहते. तेवढ्यात दातावर कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण बसतात. पुढे कधी आम्ल आलं की ते विरघळून फ्लोराइड सोडतात, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच.

राळेमुळेच लावण्याआधी काही प्रश्न विचारावे लागतात. राळेची किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी आहे का? दम्याचा त्रास, त्यासाठी कधी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का? डाग देण्याच्या धुराने कामगारांना दमा जडतो, हे उद्योगातलं जुनं दुखणं आहे. हिरड्यांवर जखमा किंवा तोंड आलेलं असेल तर व्हार्निश पुढे ढकलतात.

पालक बिचकतात ते आकड्याला. व्हार्निशमध्ये फ्लोराइड २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), आणि पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. पण किती तीव्र आहे यापेक्षा किती लावलं ते पाहायचं. दुधाच्या दातांना ०.२५ मिलिलिटर पुरतं, त्यात फ्लोराइड साधारण ५.६५ मिलिग्रॅम. सगळं पोटात गेलं तरी साडेपाच-सहा लिटर पाण्याएवढंच, तेही तासातासाने थोडं थोडं. विषबाधेची शक्यता धरून डॉक्टर धावतात तो आकडा वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला ५०. उलट घरातल्या १००० पीपीएमच्या टूथपेस्टची १०० ग्रॅमची ट्यूब पाहा. तिच्यात १०० मिलिग्रॅम असतं आणि ती गोड असते. कपाटात वर ठेवायची वस्तू ती आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.

याच फ्लोराइडने चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातून मुलांचे दात तपकिरी केलेत, कुठे हाडंही वाकवलीत. ते रोज, वर्षानुवर्षं पोटात जातं. व्हार्निश तीन ते सहा महिन्यांतून एकदा, तेही दाताच्या वर. फ्लोराइड आणि दातांच्या नात्याचा शोधही डागांमधूनच लागला. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्कान्सासमधल्या बॉक्साइट या खाणगावात, जे गावच ॲल्युमिनियम कंपनीचं होतं, तिथल्या पाण्यात एच. व्ही. चर्चिल या कंपनीच्याच रसायनतज्ज्ञाला फ्लोराइड सापडलं. मुलांच्या दातांचे डाग ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर ढकलले जातील, ही कंपनीची धास्ती होती. भांडी वाचवायला निघालेल्या माणसाने दातांची किल्ली शोधली. डागाळलेले दात कमी किडतात, हे दंतवैद्यांच्या आधीच लक्षात आलं होतं; आता कारण सापडलं.

फायदा किती, तर वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात कायमच्या दातांची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांची ३७ टक्क्यांनी कमी दिसली. शंभर टक्के नाही. रात्री तोंडात गोड दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या बाळाला नुसतं व्हार्निश वाचवणार नाही. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्याच्या तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नये. आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ गुपचूप येते, कुठलाही दात न पाडता. पालक तिला दुधाचीच समजतात. ती आयुष्यभराची असते, तिच्यावर ब्रश फिरायलाच हवा.

ओपीडीतून निघताना त्या मुलाचे दात पिवळट दिसत होते आणि तो जिभेने ते चाचपून पाहत होता. डॉक्टरीणबाई आईला सांगत होत्या: आज मऊ भात, गरम काही नको, कडक काही नको. “आणि ताई, आज रात्री दात घासायचे नाहीत. उद्या सकाळी घासा.” बाजूला उभी असलेली त्याची पाच-सहा वर्षांची बहीण लगेच म्हणाली, “मग मला पण लावा.”