पन्नास वर्षांच्या मुदतीचं कर्ज

गरीब देशाने कर्ज काढून रस्ता बांधला, तर त्याचा लाभ दिसायला दहा वर्षं जातात. शाळेचा दिसायला एक पिढी. हप्ता मात्र पुढच्या सहामाहीलाच दारात उभा राहतो. या पेचावर उतारा म्हणून १९६० साली जागतिक बँकेच्या छत्राखाली इंटरनॅशनल डेव्हलपमेंट असोसिएशन, अर्थात आयडीए, ही संस्था स्थापन झाली.

तिच्या मुळाशी एका भारतीय अर्थतज्ज्ञाचा आग्रह आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्ष व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्येच सवलतीचं कर्ज देणारी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांत असावी, असा प्रस्ताव मांडला होता. पुढे दशकभर गरीब देशांनी ही मागणी लावून धरली. पण जिथे प्रत्येक देशाला एकच मत, तिथे पैसा सोपवायची श्रीमंत देशांची तयारी नव्हती. अखेर निधी उभा राहिला तो जागतिक बँकेत, जिथे जास्त पैसा देणाऱ्याच्या मताला जास्त वजन असतं. मागणी मान्य झाली, तिजोरीच्या किल्ल्या मात्र देणाऱ्यांकडेच राहिल्या. हा असमतोल अजूनही सलतो.

तरीही कर्जाच्या अटी खरोखर वेगळ्या होत्या. १९६१ मध्ये पहिलं कर्ज होंडुरासला मिळालं, महामार्गासाठी ९० लाख डॉलर. या कर्जांची मुदत ५० वर्षं. पहिली दहा वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवा आकार. आज अटी देशागणिक बदलतात आणि कर्जाखाली पिचलेल्या देशांना थेट अनुदानही मिळतं.

आयडीएचा दीर्घकाळ सर्वांत मोठा कर्जदार होता भारत. महाराष्ट्रातल्या ‘जलस्वराज्य’ प्रकल्पाला २००३ मध्ये पैसा मिळाला तो इथूनच. त्यात नळयोजना ठरवण्याची आणि चालवण्याची जबाबदारी गावच्याच समितीकडे होती, खर्चाचा काही वाटाही गावाने उचलायचा होता. उत्पन्न वाढल्यावर २०१४ मध्ये भारत पात्र देशांच्या यादीतून बाहेर पडला.

फेडलेलं कर्ज नव्या गरजू देशाकडे वळतं, हे या रचनेचं मोठं बळ. एके काळी इथून कर्ज घेणारे दक्षिण कोरिया आणि चीन आज देणाऱ्यांत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या तीन वर्षांसाठी १०० अब्ज डॉलरचा निधी जाहीर झाला, तोही कोरियाच्याच राजधानीत, सोलमध्ये.

त्यात देणगीदारांचा वाटा मात्र २३.७ अब्जांचाच. उरलेल्याची भिस्त परतफेडीवर आणि २०१८ पासून बाजारात विकल्या जाणाऱ्या रोख्यांवर आहे. रोख्यांवर व्याज द्यावं लागतं, देणगीवर नाही. देणगी आटली, तर कर्जाची सवलतही आटेल आणि त्याची झळ सर्वांत आधी सर्वांत गरीब देशांना बसेल. दक्षिण कोरिया, चीन आणि भारत यांना उभं राहायला जी सवड मिळाली, ती आजच्या गरीब देशांनाही मिळायला हवी. ज्यांनी ती स्वतः उपभोगली, त्यांनी तरी हात आखडता घेऊ नये.