क्लेम नंबर सांगा

सकाळी ९.००
नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलचा कॅशलेस काउंटर. एक खुर्ची, एक स्कॅनर, एक लँडलाइन. काउंटर सांभाळणाऱ्या ताईंचा पगार १८ हजार. लँडलाइन सतत अडकलेली, म्हणून फोन स्वतःच्या मोबाइलवरून. रिचार्जही स्वतःचंच. आल्या आल्या रात्रीचे मेल बघतात. दोन मंजुऱ्या, तीन क्वेऱ्या.

१०.४०
वॉर्डातून निरोप येतो, सिन्नरच्या काकांना डिस्चार्ज. पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. मुलगा अंबडच्या कारखान्यात, आज रजेवर. ‘‘मॅडम, जेवायला घरी पोचू ना?’’
ताई हो म्हणत नाहीत. ‘‘आधी फाइल जाऊ दे, दादा.’’

१२.१५
फाइल जाते. डिस्चार्ज समरी, ऑपरेशनच्या नोंदी, रिपोर्ट, औषधांची बिलं. पिना उपसायच्या, कागद स्कॅन करायचे, पुन्हा पिना मारायच्या. बिल ८४ हजार. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत यायला हवी. उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीनं भरायचे. ताईंनी ते पान छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

१.३०
डबा. पोळी एका हातात, फोन दुसऱ्यात.

२.५०
३ तास भरायला २५ मिनिटं उरली असताना क्वेरी येते. ‘त्रास कधीपासून? मागच्या वर्षांच्या पॉलिसी पाठवा.’ ताई केस पेपर उलटतात. भरतीच्या रात्री ज्युनिअर डॉक्टरांनी लिहिलंय, ‘दोन वर्षांपासून अधूनमधून पोटदुखी.’ काकांनी खरं तेच सांगितलं होतं. पित्ताच्या खड्यांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं संरक्षण नसतं, म्हणून हा प्रश्न. काकांची पॉलिसी चौथ्या वर्षात आहे. कंपनीकडे ती नोंद असणारच. तरी कागद मागतात ते आजाऱ्याकडे.

३.०५
ताई हेल्पलाइनला लावतात. हिंदीसाठी दोन. क्लेमसाठी तीन. मग गाणं. मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये धरून त्या दुसऱ्या पेशंटचा फॉर्म भरतात. १७ मिनिटांनी आवाज येतो, ‘‘क्लेम नंबर सांगा.’’ सांगतात. पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचं नाव. ‘‘मॅडम, हे डॉक्टर टीमकडे आहे. आम्हाला इथून दिसत नाही.’’ फोन कट. पुन्हा लावला की पुन्हा दोन, तीन, गाणं, दुसरा माणूस, पहिल्यापासून सगळं. ताई पलीकडच्यावर चिडत नाहीत. तोही पगारीच, त्याच्याही हातात काही नाही, म्हणतात. मला मात्र राग येतो. ज्याला दिसतं तो फोनवर येत नाही, आणि जो फोनवर येतो त्याला दिसत नाही.

तिकडे मुलगा सिन्नरच्या एजंटला लावतोय. उचलत नाही. काकू पिशव्या भरून बाकावर बसल्यात.

४.३५
एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप येतो. तिन्ही वर्षांच्या पॉलिसी, तिरप्या काढलेल्या फोटोंत. खाली कोपऱ्यावर २ रुपये पानानं प्रिंट मारून मुलगा वर येतो. क्वेरीच्या उत्तरावर डॉक्टरांची सही हवी, म्हणून ते ओटीतून निघेपर्यंत थांबायचं. मग स्कॅन, मेल, आणि मेल मिळाला का हे विचारायला परत फोन.

६.४०
मंजुरी. ६२ हजार. मुलगा कागद दोनदा वाचतो. ‘‘बाकीचे २२?’’
ताई पेन घेऊन समजावतात. विमा ३ लाखांचा, पॉलिसीत खोलीभाडं १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. घेतलेली खोली साडेचार हजारांची. मग नुसतं भाडं कापत नाहीत. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापतात. हे सगळं मिळून ६० हजार होते, त्यांचे झाले ४०. औषधं आणि तपासण्यांचे २२ हजार पूर्ण मिळाले. हातमोजे, मास्क वगैरेंचे २ हजार पॉलिसीत बसत नाहीत.
‘‘खोली घेताना कुणी सांगितलंच नाही,’’ मुलगा म्हणतो.
डिपॉझिट २० हजारांचं होतं. तो वर २ हजार भरतो आणि व्हीलचेअर आणायला जातो.

७.०५
ताई निघताना खाली भरतीच्या काउंटरवर थांबतात. रात्रपाळीचा पोरगा नुकताच आलाय. ‘‘त्या रात्री जनरलला बेड होता ना?’’
‘‘होता. त्यांनी चांगली खोली मागितली.’’
‘‘मग आधी पॉलिसी मागायची. भाड्याची ओळ दाखवायची. मग खोली.’’ आजची मंजुरी त्या त्याच्यासमोर ठेवतात आणि ६० हजारांचे ४० कसे झाले, ते त्याच्याकडून एकदा करून घेतात.