भांग रुंदावतो तेव्हा

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातील मुलांना आणि पुरुषांना तेल चोळून झाले, की मग बायकांची पाळी येते. ते कोमट तेल डोक्यावर जिरवताना बोटांना जे कळते, ते आरसा वर्षभर सांगत नाही. पूर्वी बोटे केसांत हरवून जात. आता ती सरळ कातडीला जाऊन टेकतात. पन्नाशी उलटलेल्या किती भगिनींना यंदा हा अनुभव येणार आहे, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक! गुडघे धरले, चष्म्याचा नंबर वाढला, हे शेजारणीला सांगता येते. पण "माझा भांग रुंदावला हो," असे चारचौघीत म्हणणारी बाई मला अद्याप भेटायची आहे.

भिवंडीत मी महाविद्यालयात मराठी शिकवते. यंत्रमागांच्या या गावात आगरी, कोळी, मुसलमान, ब्राह्मण, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तरेकडचे कामगार अशा नाना घरांतील मुली माझ्या वर्गात येतात आणि त्यांच्या निमित्ताने त्यांच्या आया आणि आज्याही भेटतात. कोणाच्या डोक्यावर पदर, कोणाच्या ओढणी, कोणाचा गजरा. झाकण्याच्या तऱ्हा निराळ्या, झाकलेली काळजी मात्र एकच. आणि ती चुकून बोलून दाखवलीच, तर घरातून उत्तर ठरलेले: "आता या वयात केसांची हौस कसली?"

या एका प्रश्नावर मला थोडे बोलायचे आहे. कारण तो नुसता कुत्सित नाही, तो प्रकृतीला घातकही आहे.

हा प्रश्न आला कोठून?

आपल्या महाराष्ट्रात बाईच्या केसांवर बाईची सत्ता फार उशिरा आली. नवरा गेला की उच्चवर्णीय घरांत तिचे केशवपन होई. केस म्हणजे शृंगार, आणि शृंगाराचा हक्क सधवेला, असा तो हिशेब. आगरकरांनी १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारका'तून या रूढीवर कोरडे ओढले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी स्वतःची मिळकत सोडून केलेला हा निर्धार, हे आपण विसरता कामा नये. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीतील यमूचे वपन शिकवताना आजही माझा वर्ग एकदम शांत होतो.

वस्तरा गेला, पण त्यामागची समजूत पुरती गेली नाही. वय झालेल्या बाईने केसांचा विचार करू नये, केला तर ती नटवी, हे त्या समजुतीचेच उरलेले शेपूट आहे. पुरुषाला टक्कल पडले की तो औषध आणतो आणि कोणी हसत नाही. बाई मात्र केस गळतात म्हणून दवाखान्यात जायला लाजते. आणि त्या लाजेपायी कित्येकदा भलताच आजार अंगात मुरत राहतो.

माझ्या एका आतेबहिणीचीच गोष्ट सांगते. वय अठ्ठावन्न. वर्षभरात तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली. तिने तीन प्रकारची तेले आणली. त्यांतले एक तर रस्त्याच्या कडेला, गुडघ्यापर्यंत केस सोडलेल्या बाईचे चित्र लावून विकायला ठेवलेले. मी म्हटले, "ताई, डॉक्टरांना दाखव." ती म्हणाली, "अगं, केसांसाठी डॉक्टर? लोक हसतील!" पुढे पाय सुजले म्हणून ती गेली. डॉक्टरांनी सुजेबरोबर थंडी वाजणे, सुस्ती आणि केस यांचीही चौकशी केली, रक्त तपासले आणि निदान झाले थायरॉइडचे. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली. सात-आठ महिन्यांनी अंबाडा पुन्हा हाताला लागू लागला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताई पुन्हा जिने चढू लागली. केसांनी वर्षभर आधी कळवले होते. ते पत्र कोणी उघडलेच नव्हते.

काउंट बदललेले सूत

केसांचा हिशेब एकदा समजून घेतला की निम्मी भीती जाते. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग तो सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हा निसर्गाचा शिरस्ता आहे. न्हाताना गळालेले केस पाण्यामुळे गळत नाहीत, ते जाणारच होते. तेव्हा गळतील म्हणून न्हाणेच लांबवणाऱ्या भगिनींनी ती भीती सोडावी.

उतारवयात जे विरळपण येते, त्याचे मुख्यतः दोन प्रकार. पहिल्यात केस एकदम पुष्कळ गळतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा जबर मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी हे घडते. २०२० आणि २०२१ साली कोरोनातून उठलेल्या कितीतरी स्त्रियांनी हे भोगले. कारण दूर झाले की बव्हंशी हे केस आपोआप परत येतात. त्यासाठी सहा महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो, एवढेच.

दुसरा प्रकार सावकाश येतो. त्यात केस गळण्यापेक्षा बारीक होतात. आमच्या गावातला कोणीही मागवाला सांगेल, की सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. वीस काउंटच्या जागी साठ काउंटचे सूत घातले, तर तारा तेवढ्याच राहूनही कापड झिरझिरीत होते. डोक्यावरही तसेच होते. अनुवंश आणि पाळी थांबल्यानंतर बदललेले शरीरातील रस यांमुळे केशमूळ लहान होते आणि प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा बारीक केस विणते. कपाळावरची रेषा बहुधा जागेवर राहते. रुंदावतो तो भांग. एरिख लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १९७७ साली याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर उपाय करणे सोपे, तिसरीवर अवघड. म्हणून भांग रुंदावतो आहे असे वाटताच हालचाल करावी, दहा वर्षे वाट पाहू नये.

आधी रक्त पाहा

डॉक्टरांकडे गेल्यावर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड या तपासण्यांबद्दल विचारावे. आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी, कारण रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या काही औषधांनीही केस गळतात. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच स्त्रिया उद्या साठीच्या होणार. शिवाय पाळी थांबल्यानंतरही रक्त कमी असेल, तर ते कोठे जाते आहे याचा शोध घेतलाच पाहिजे; पोटातील एखाद्या दुखण्याचा पत्ता त्यातून लागतो.

आणि ताटाकडेही पाहावे. केस हा प्रथिनांचा बनलेला. सोमवार, चतुर्थी, एकादशी करणाऱ्या आणि एरवीही सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवणाऱ्या बाईच्या पोटात प्रथिने जाणार किती? साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळपणा. खिचडीतले दाणे तेवढे कामाचे. डाळी, मूग, दूध, दही, चालत असतील तर अंडी आणि मासळी रोजच्या जेवणात हवीत. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही.

म्हणून 'केसांच्या व्हिटॅमिन'चे डबे मात्र आणू नयेत. अति कसे घातक ठरते, ते बुलढाणा जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून शेगाव तालुक्यातील आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस चार-दोन दिवसांत पुंजक्यांनी हातात येऊ लागले. आधी पाण्यावर संशय गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून, रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. हेच सेलेनियम केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत असते! शरीराला ते कणभर लागते. मणभर झाले की केसच नेते. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडेच चुकू शकतात. तपासणीवाचून लोहाची गोळीही नको.

तेलाचे खरे काम

आता तेलाविषयी. माका, ब्राह्मी, जास्वंद घालून कढवलेले तेल आपल्या आज्या लावीत, आणि त्या हातांची माया मी कमी लेखत नाही. मुंबईत खोबरेल तेलाच्या एका मोठ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झालेले संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि त्यातील प्रथिनांची झीज कमी करते, असे त्यात दिसून आले. म्हणजे असलेला केस तुटत नाही. पण बारीक झालेले मूळ तेलाने पुन्हा जाड होते, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. १९४५ च्या औषध नियमांतील 'अनुसूची जे' मध्ये, ज्यांवर हमखास इलाज असल्याचा दावा औषधाला करता येत नाही अशा गोष्टींची यादी आहे. टक्कल आणि नवे केस उगवणे ही दोन्ही त्या यादीत आहेत. एवढे लक्षात ठेवले, तरी पुष्कळ पैसे वाचतील.

घट्ट ओढून बांधलेला अंबाडाही टाळावा. वर्षानुवर्षे ओढ बसली की कपाळाच्या कडेची मुळे कायमची मरतात. 'काळी मेहंदी' लावण्याआधी कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. मेंदीचा मूळ रंग काळा नसतो. त्या काळेपणात बहुधा रसायन असते आणि काहींना ते भयंकर बाधते.

ज्या औषधामागे भक्कम पुरावा आहे, ते मिनॉक्सिडिल. मुळात हे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहण्यात आले. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. हे केसांना नव्हे, कोरड्या कातडीला लावायचे. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. तेथेच घाबरून पुष्कळजणी बाटली फेकून देतात. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. कपाळावर किंवा गालावर लव वाढू शकते. ज्यांना हृदयाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हात लावू नये. आणि घरात मांजर असेल तर बाटली फार जपावी, तिच्यासाठी ते विष आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांना डॉक्टर कधी पोटात घ्यायची औषधेही देतात, पण ती शेजारणीच्या चिठ्ठीवर आणायची नव्हेत.

काही खुणा दिसल्या तर मात्र दिवाळी संपण्याची वाट पाहू नये. चाईसारखे गोल चट्टे, कातडी गुळगुळीत होऊन चमकणे, आग होणे, भुवया विरळ होणे, किंवा आवाज घोगरा होऊन हनुवटीवर राठ केस येणे, यांपैकी काहीही दिसले की लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

गंगावनाची लाज कशाला?

औषधाला महिने लागतात. मग लेकीचे लग्न महिन्यावर आले असेल तर काय करावे? याचे उत्तर आपल्या भाषेत फार जुने आहे. गंगावन! वेणीत मिसळून अंबाडा भरघोस करण्याची ही युक्ती आपल्या पणज्यांना ठाऊक होती आणि त्यांनी ती फडताळात उघड टांगून ठेवलेली असे. ज्यांची नेसण आणि ज्यांचे दागिने पाहून घरंदाज स्त्रिया अनुकरण करीत, त्या बालगंधर्वांचा केशसंभारही टोपाचाच होता. आज भिवंडीच्या बाजारातही भांगावर बसवायचे हलके 'टॉपर' मिळतात. रात्री ते काढून ठेवावे, चाप रोज एकाच जागी लावू नये आणि गोंदाने चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. याहून सुरक्षित आणि तत्काळ उपाय दुसरा नाही.

ज्यांना विरळ केसांनिशी मजेत राहायचे आहे, त्यांनी खुशाल राहावे. रक्त तेवढे एकदा तपासून घ्यावे. ज्यांना दाट केस हवे आहेत, त्यांनीही संकोच करू नये. यंदा पाडव्याला नवऱ्याने किंवा भाऊबीजेला भावाने ओवाळणीत काय घालू असे विचारले, तर वाचकभगिनींनो, साडीऐवजी तपासणीचे पैसे मागून घ्या, आणि बरोबर चला म्हणावे.