तिजोरीला कुलूप, वेतन मात्र सुरू

अमेरिकेच्या केंद्रीय सरकारचा कारभार १ ऑक्टोबर २०२५ रोजी ठप्प झाला आणि तो पूर्ववत होण्यास १२ नोव्हेंबर उजाडावा लागला. ४३ दिवसांची ही कामबंदी, अर्थात 'शटडाऊन', त्या देशाच्या इतिहासातील तोवरची सर्वांत दीर्घ ठरली. सुमारे १४ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचे वेतन अडकले. त्यांतील जवळजवळ निम्मे सक्तीच्या बिनपगारी रजेवर घरी बसले. उरलेले, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, विमानतळांवरील तपासनीस, तुरुंगांचे पहारेकरी अशी माणसे, हाती पैसा न पडताही रोज कामावर जात राहिली. ज्यांच्या मतभेदांमुळे तिजोरीला कुलूप लागले, त्या काँग्रेसच्या ५३५ सदस्यांचे वेतन मात्र कायद्याने चालूच होते.

दर कामबंदीच्या वेळी अमेरिकेत या गोष्टीवरून जनक्षोभ उसळतो आणि दर वेळी काही लोकप्रतिनिधी पुढे येऊन आपण आपले वेतन घेणार नाही, असे जाहीर करतात. २०१३ साली असे घडले, २०१८-१९ मध्ये घडले आणि २०२५ मध्येही घडले. ही बातमी वाचताना आपल्या मनात काही प्रश्न सहज उभे राहतात. एवढ्या श्रीमंत देशाचे सरकार बंद पडतेच कसे? इतरांचा पगार थांबतो, तर यांचा का थांबत नाही? आणि वेतनाचा त्याग म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नांची उकल करण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

कुलूप का लागते?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात असे बंधन आहे की, कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज सरकारी तिजोरीतून एक पैसाही काढता येणार नाही. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी प्रतिनिधिगृह व सिनेट या दोन्ही सभागृहांनी खर्चाची विनियोजन विधेयके संमत करावीत आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांवर स्वाक्षरी करावी, अशी अपेक्षा असते. वेळेत एकमत झाले नाही, तर काही आठवड्यांची तात्पुरती मंजुरी दिली जाते. तीही मिळाली नाही, तर ज्या खात्यांचा निधी संपला, त्यांचे हात बांधले जातात.

गंमत अशी की, १९८० पूर्वी निधीत असा खंड पडला, तरी बहुतेक कार्यालये काटकसरीने चालू राहत. मंजुरी आज ना उद्या येईल, असे गृहीत धरले जाई. १९८० साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळातील महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातील एका जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावला. मंजुरीविना खर्च करण्यास आणि मोबदल्याविना सेवा स्वीकारण्यासही हा कायदा सरकारी खात्यांना मनाई करतो. त्यामुळे निधी संपताच काम थांबलेच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. मनुष्याच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणारी कामे तेवढी यातून वगळण्यात आली. ती कामे करणाऱ्यांना कामावर यावेच लागते, पगार मात्र कुलूप उघडल्यावर मिळतो.

त्यानंतर कामबंदी हे राजकीय दबावाचे हत्यार बनले. १९९५-९६ च्या हिवाळ्यात ती २१ दिवस चालली, २०१३ मध्ये १६ दिवस आणि २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस. या शेवटच्या कामबंदीत तटरक्षक दलाच्या जवानांनाही जानेवारी २०१९ मध्ये पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागले. सशस्त्र दलांपैकी कोणावर अशा कारणाने ही पाळी येण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यांचे वेतन का थांबत नाही?

काँग्रेस सदस्यांच्या वेतनाचा उल्लेख घटनेतच आहे. त्यांना त्यांच्या सेवेबद्दल कायद्याने ठरलेला मोबदला सरकारी तिजोरीतून मिळेल, असे घटना सांगते. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून या वेतनासाठी कायमस्वरूपी तरतूद करण्यात आली आहे. म्हणजे दरवर्षी नवी मंजुरी लागत नाही. टपालखात्याला किंवा उद्यानांच्या रक्षकांना लागू होणारे नियम वेगवेगळे असू शकतात. पण सदस्यांच्या वेतनावर वार्षिक विधेयकांच्या रखडण्याचा परिणाम होत नाही, एवढे खरे.

मग कामबंदीच्या काळात ते थांबवणारा कायदा का करू नये? येथे घटनेची २७ वी दुरुस्ती आड येते. तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. जेम्स मॅडिसन यांनी १७८९ साली ती सुचविली. सदस्यांच्या वेतनात बदल करणारा कोणताही कायदा प्रतिनिधिगृहाची पुढील निवडणूक झाल्याशिवाय अमलात येऊ नये, असा तिचा आशय आहे. लोकप्रतिनिधींनी स्वतःच स्वतःची पगारवाढ करून घेऊ नये, हा हेतू. पुरेशा राज्यांनी मान्यता न दिल्यामुळे ती जवळजवळ दोन शतके धूळ खात पडली होती. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने आपल्या निबंधात असे मांडले की, ही दुरुस्ती अद्याप जिवंत आहे आणि तिला आजही मान्यता देता येईल. निबंधाला 'सी' श्रेणी मिळाली! त्याने मात्र राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला आणि १९९२ साली दुरुस्ती घटनेत दाखल झाली. २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून 'ए' केली.

पगारवाढीला लगाम घालण्यासाठी योजलेली ही तरतूद आता वेतनकपातीलाही आडवी येते, कारण तिच्यात 'वाढ' असा शब्द नसून 'बदल' असा अर्थ आहे. म्हणूनच २०१३ च्या आरंभी जेव्हा 'अंदाजपत्रक नाही तर वेतन नाही' या नावाचा कायदा झाला, तेव्हा त्यात एक पळवाट ठेवावी लागली. जे सभागृह १५ एप्रिलपर्यंत आपला अंदाजपत्रकीय ठराव संमत करणार नाही, त्याच्या सदस्यांचे वेतन बाजूला अडकवून ठेवायचे. पण ठराव झाल्यावर, अथवा त्या काँग्रेसची मुदत संपताच, ते परत द्यायचे, अशी ती योजना होती. वेतन बुडत नव्हते, केवळ लांबत होते. तरीही तिचा उपयोग झाला. चार वर्षे ठराव न करणाऱ्या सिनेटने त्या मार्च महिन्यात तो संमत केला. २०२५ च्या कामबंदीतही काही सिनेटरांनी वेतन रोखण्याची विधेयके आणि घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला होता.

'त्याग' म्हणजे काय?

कायद्याने देय असलेले वेतन सदस्याला 'नको' म्हणून सहज टाळता येत नाही. म्हणून वेतनत्यागाच्या घोषणेचे प्रत्यक्षात तीन प्रकार होतात. पहिला, वेतन घेऊन ते धर्मादाय संस्थेला देणे. दुसरा, ते सरकारी तिजोरीत देणगी म्हणून परत करणे. तिसरा आणि सर्वांत सोपा प्रकार म्हणजे, कामबंदी संपेपर्यंत माझे वेतन थांबवून ठेवा, असे पत्र सभागृहाच्या वेतन विभागाला देणे. या तिसऱ्या प्रकारात कुलूप उघडताच सगळी रक्कम एकदम हाती येते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र तिन्हींना 'त्याग' हे एकच नाव मिळते. वाचकांनी हा भेद लक्षात ठेवावा.

हिशेबही पाहू. सदस्याचे वार्षिक वेतन २००९ पासून १ लाख ७४ हजार डॉलर राहिले आहे. ४३ दिवसांचे साधारण साडेवीस हजार डॉलर होतात. सर्व ५३५ सदस्यांनी ही रक्कम सोडली, तरी एकूण १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास जमतील. पगार अडकलेल्या १४ लाख कर्मचाऱ्यांत ती वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ डॉलरही येणार नाहीत. उलट, २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या कामबंदीत अर्थव्यवस्थेचे जे नुकसान झाले, त्यांतील सुमारे ३ अब्ज डॉलर कधीच भरून निघणार नाहीत, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज होता. तात्पर्य, वेतनत्यागाने तिजोरी भरत नाही. तो एक संकेत आहे: 'तुमच्यावर जे ओढवले, ते माझ्यावरही ओढवू दे.'

या संकेताचे मोल प्रत्येकासाठी सारखे नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. कोट्यधीश सदस्याला एका महिन्याचे वेतन जाणवणारही नाही. घराचे कर्ज आणि मुलांचे शिक्षण वेतनावर चालविणाऱ्याला ते निश्चित जाणवेल. १७८७ च्या घटनासभेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी सर्वोच्च कार्यकारी पदाला वेतनच नसावे, असे सुचविले होते. ते मान्य झाले नाही. ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत खासदारांना सरकारी वेतन नव्हते; म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील चार्टिस्ट चळवळीच्या मागण्यांत खासदारांना वेतन मिळावे, ही मागणी होती. वेतन नसेल, तर कामगाराचा मुलगा कायदेमंडळात जाणार कसा? बिनपगारी राजकारण हे अखेर धनिकांचेच राजकारण ठरते.

विनावेतन सेवेला मनाई

या विषयाचा आपल्या श्रद्धाजीवनाशी थेट संबंध आला, तो ऑक्टोबर २०१३ मध्ये. अमेरिकन लष्करी तळांवर पुरेसे कॅथलिक लष्करी धर्मगुरू नसल्याने अनेक ठिकाणी करारावर नेमलेले धर्मगुरू मिस्सा अर्पण करतात. कामबंदी सुरू होताच त्यांची सेवा थांबविण्यात आली. 'आम्हांला मोबदला नको, पण भाविकांसाठी मिस्सा अर्पण करू द्या,' अशी तयारी दाखविली, तरी ती स्वीकारता येईना. कारण तोच जुना कायदा फुकट सेवा घेण्यास मनाई करतो. जॉर्जिया राज्यातील किंग्ज बे या नौदल तळावरील धर्मगुरूंना अखेर न्यायालयात दाद मागावी लागली. त्यानंतर त्यांना सेवेवर परतता आले.

विरोधाभास पाहा. कायदेमंडळातील सदस्य वेतन सोडूनही आपले काम करू शकत होता. धर्मगुरूला मात्र वेतन सोडूनही वेदीपाशी जाता येत नव्हते. त्या कायद्यामागील विचार वाईट नव्हता. आज फुकट काम करवून घ्यायचे आणि उद्या त्याचे बिल सरकारवर लादायचे, हे टाळण्यासाठी तो होता. पण नियम करणाऱ्यांनी आपले कर्तव्य केले नाही की, उत्तम हेतूचा नियमही निरपराधांच्या वाटेत उभा राहतो.

आपल्या देशात

भारतातही संसदेच्या कायद्याखेरीज एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. तरी आपल्याकडे अशी कामबंदी होत नाही, कारण सरकार लोकसभेच्या बहुमतावरच उभे असते. अर्थसंकल्प फेटाळला गेला, तर सरकारलाच पायउतार व्हावे लागते. पूर्ण मंजुरीस वेळ लागणार असेल, तर लेखानुदानाची सोय घटनेने केली आहे. वेतनाचा प्रश्न मात्र आपल्याकडेही उठला होता. एप्रिल २०१८ मध्ये गदारोळात अधिवेशन वाया गेल्यावर तत्कालीन संसदीय कामकाज मंत्री अनंतकुमार यांनी, सत्ताधारी आघाडीचे खासदार २३ दिवसांचे वेतन व भत्ते घेणार नाहीत, असे जाहीर केले. त्याच पक्षाचे खासदार सुब्रमण्यम स्वामी यांनी, आपण रोज सभागृहात हजर होतो, मग वेतन का सोडावे, असा प्रश्न केला. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

आधी हक्क, मग त्याग

कामबंदीत सर्वाधिक कोण भरडले जातात? २०१९ च्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांना कामबंदीनंतर थकीत वेतन मिळण्याची हमी दिली. पण सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, उपाहारगृहात वाढणारे, दारावर पहारा देणारे अनेक जण कंत्राटदारांचे नोकर असतात. त्यांना ही हमी नाही. त्यांचे बुडालेले दिवस बहुधा बुडालेलेच राहतात. लोकप्रतिनिधीने वेतन सोडल्याने त्यांची चूल पेटत नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय वाचकांनी या संदर्भात पुन्हा वाचावा. सुवार्तेसाठी कष्टणाऱ्याला उपजीविकेचा हक्क आहे, हे पौल आधी ठासून सांगतो. एकामागून एक दाखले देतो. त्यानंतरच तो म्हणतो की, आपण स्वतः हा हक्क बजावलेला नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी इतरांच्या हक्काची ग्वाही, मग स्वतःचा त्याग. स्वतःचे वेतन सोडणारा, पण दुसऱ्याच्या वेतनाची वाट मोकळी न करणारा लोकप्रतिनिधी हा क्रम उलटा करतो.

म्हणून वेतनत्यागाची थट्टा करावी, असे आम्ही म्हणणार नाही. जो प्रामाणिकपणे शेजाऱ्याची झळ स्वतः सोसतो, त्याला त्या झळीचे मोल कळते, आणि ते कळलेला माणूस वाटाघाटीला लवकर बसतो. परंतु लोकप्रतिनिधीकडून जनतेची पहिली मागणी वेतन परत करण्याची नसते. ज्या कामासाठी ते वेतन मिळते, ते काम वेळेवर पुरे करण्याची असते. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याने खिसा रिकामा करून दाखविण्याआधी कुलूप उघडावे.