फोन कुणी लावला? डायल-अप बॅकअप आणि डायनॅमिक राउटिंग

मागच्या वेळी आपण ओएसपीएफ आपले शेजारी राउटर कसे शोधतो ते पाहिलं. आज हाच प्रोटोकॉल फोनच्या लाईनवर चालवला की काय होतं, ते बघू.

सुरुवात एका बिलानं करतो. नोकरीला नवीन होतो तेव्हा मी एका बँकेच्या तालुक्याच्या शाखांचं नेटवर्क सांभाळायचो. प्रत्येक शाखेतून मुख्य कार्यालयापर्यंत लीज्ड लाईन आणि ती पडली तर आयएसडीएनचा फोन, अशी व्यवस्था. एका महिन्याला एका शाखेचं आयएसडीएनचं बिल आलं आणि मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. त्या महिन्यात लीज्ड लाईन एकदाही पडली नव्हती. तरी फोन रात्रंदिवस चालू होता!

असं का झालं? दोघांचे स्वभाव बघा. फोनची लाईन म्हणजे एसटीडी बूथ, मीटर पळतंय, काम झालं की ठेवा. आणि ओएसपीएफ? तो दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारतो, 'आहेस ना?' याला हॅलो पॅकेट म्हणतात. ४० सेकंद हाक आली नाही, तर शेजारी गेला असं तो समजतो. दिवसाच्या हाका होतात ८,६४०.

आता राउटर फोन कधी लावतो? त्याला एक यादी दिलेली असते: कोणत्या पॅकेटसाठी फोन लावायचा आणि कोणत्यासाठी नाही. लायक पॅकेट आलं की फोन लागतो. मग एक घड्याळ उलटं चालू होतं. सिस्कोच्या राउटरवर ते मुळात १२० सेकंदांचं असतं. तेवढ्या वेळात दुसरं लायक पॅकेट आलं नाही तर फोन बंद. आमच्या यादीत लिहिलं होतं, 'सगळं आयपी लायक'. हॅलोही आयपीच! म्हणजे १२० सेकंद संपायच्या आत बारा हाका, आणि प्रत्येक हाकेला घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून अशा तक्रारीत पहिला प्रश्न एकच: फोन कुणी लावला? अंदाज करू नका, राउटरलाच विचारा. 'शो डायलर' ही आज्ञा दिली की 'डायल रीझन' दिसतं, म्हणजे ज्या पॅकेटमुळे फोन लागला त्याचे पत्ते. पोचण्याचा पत्ता २२४.०.०.५ असेल तर ओएसपीएफ, २२४.०.०.९ असेल तर रिपची दुसरी आवृत्ती, २२४.०.०.१० असेल तर ईआयजीआरपी. चोर सहीसकट सापडतो.

मग मी काय केलं? यादीत लिहिलं, 'ओएसपीएफ लायक नाही'. बिल खाली आलं, माझी पाठ थोपटली गेली. आणि दोन महिन्यांनी लीज्ड लाईन पडली. तो पेन्शन वाटपाचा दिवस होता. बाहेर म्हातारी माणसं रांगेत, आत काउंटर बंद, आणि फोन काही लागेना.

कारण नीट समजून घ्या, सगळी गोम इथंच आहे. लाईन पडली, तसे ओएसपीएफनं शिकवलेले मार्ग राउटिंग टेबलमधून गेले. आता काउंटरवरचं पॅकेट राउटरकडे आलं. ते लायक होतं, पण त्याला मार्गच नाही! मार्ग नाही म्हणून ते फोनच्या इंटरफेसपर्यंत पोचलंच नाही. आधी हॅलो तरी फोन लावायचा, त्यालाही मीच बंदी केलेली. पहिल्या दुखण्याचं औषध हेच दुसरं दुखणं झालं.

यावर उपाय म्हणजे फ्लोटिंग स्टॅटिक मार्ग. हातानं एक मार्ग लिहायचा, फोनकडे बोट दाखवणारा, पण त्याचा मान कमी ठेवायचा. ओएसपीएफचं अंतर ११० असतं, याला २०० द्या. कमी आकडा जिंकतो. लाईन चालू असेपर्यंत हा मार्ग टेबलमध्ये येत नाही, ओएसपीएफचा मार्ग गेला की वर येतो. मात्र असाच परतीचा मार्ग मुख्य कार्यालयाच्या राउटरवरही हवा. नाहीतर फोन लागतो, पॅकेट जातं, आणि उत्तर परत येत नाही.

एक गैरसमज काढून टाका. 'लायक नाही' म्हणजे 'मनाई' नव्हे. फोन चालू असेल तर हॅलो खुशाल जातो, फक्त त्याच्यासाठी फोन लागत नाही आणि घड्याळ मागे जात नाही. फोन चालू असूनही शेजारी दिसत नसेल, तर डायलर मॅपमध्ये 'ब्रॉडकास्ट' हा शब्द राहिलाय का ते आधी बघा. तो नसेल तर हॅलो पलीकडे जातच नाहीत.

(श्रोत्यांमधून प्रश्न: ओएसपीएफमध्येच यावर सोय नाही का?)

आहे. डिमांड सर्किट, आरएफसी १७९३, सन १९९५. एकदा पूर्ण ओळख झाली की दोघं हॅलो थांबवतात आणि दर अर्ध्या तासाची उजळणीही थांबते. फोन बंद असताना शेजारी 'फुल' दिसतो, तो दोष नाही. पण नकाशात खरा बदल झाला की फोन लागतोच. त्याच एरियात दुसऱ्या शाखेची लाईन सारखी पडत-उठत असेल, तर तुमच्या शाखेचा फोन विनाकारण लागत राहतो. अशा वेळी शाखेला वेगळी एरिया द्या आणि ती टोटली स्टब करा, म्हणजे बाहेरची गडबड आत येत नाही.

आज आयएसडीएनच्या जागी बहुतेक ठिकाणी सिमकार्डचा राउटर आलाय. डेटा मोजून मिळत असेल तर प्रश्न तोच.

शेवटी एवढंच. बॅकअप बसवलात की एखाद्या रविवारी लीज्ड लाईनची वायर स्वतः काढा. फोन लागतो का, काउंटरचं काम चालतं का, वायर परत लावल्यावर फोन बंद होतो का, हे तिन्ही डोळ्यांनी बघा. बिल कमी आलं म्हणजे बॅकअप ठीक आहे, असं मी समजलो होतो. त्याची किंमत रांगेतल्या माणसांनी मोजली.